शेततळ्यात मासे आहेत आणि बाजूला फवारणी चालते? मग हे वाचून ठेवा

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू. औषधाच्या डब्यावर जो रंगीत त्रिकोण असतो ना, तो मासेवाल्याच्या काही कामाचा नाही. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग ठरतात उंदरांवरच्या चाचणीवरून, म्हणजे किलोमागे किती मिलिग्रॅम औषध पोटात गेलं की अर्धे उंदीर मरतात त्यावरून. ५० च्या आत असेल तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा आणि त्याच्या पुढे हिरवा. हे सगळं माणसासाठी, जनावरासाठी. माशाचा त्यात विचारच नाही. त्यामुळे दुकानात कोणी म्हणालं की "अहो साहेब निळा त्रिकोण आहे, काही होत नाही", तर त्याचा अर्थ तुम्हाला कमी धोका आहे एवढाच, तुमच्या रोहू-कटल्याला नाही. माशांबद्दलची ओळ असते ती आतल्या घडी घातलेल्या माहितीपत्रकात, बारीक अक्षरात, "मासे व जलचरांना विषारी" अशी काहीतरी, आणि तो कागद तर आपण डबा उघडताना पहिल्यांदा फेकतो. आजपासून तो कागद फेकू नका, एवढं केलं तरी पुष्कळ.

आता मासा इतका नाजूक का, तर दोन कारणं. एक, मासा दिवसभर कल्ल्यांतून पाणी फिरवत असतो आणि पाण्यात जे काही विरघळलंय ते थेट रक्तात जातं, पोटात जायची गरजच नाही. दुसरं, सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं (सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन, फेनव्हलरेट, बायफेन्थ्रीन वगैरे) आपल्या शरीरात यकृत पटापट फोडून टाकतं, माशाकडे ते फोडणारी यंत्रणा फार कमकुवत असते, म्हणून औषध मज्जातंतूंवर बसून राहतं आणि मासा झटके देत देत मरतो.

किती औषध लागतं याचा हिशोब एकदा करूनच बघा, मला वाटतं हा हिशोब प्रत्येक शेततळ्यावर पाटी करून लावला पाहिजे. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं नेहमीचं शेततळं घ्या, उतार धरून त्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. सायपरमेथ्रीन २५ ईसी म्हणजे लिटरला २५० ग्रॅम मूळ औषध, तर १० मिलीमध्ये अडीच ग्रॅम. ते अडीच ग्रॅम २२ लाख लिटरमध्ये सारखं मिसळलं तर लिटरला १ मायक्रोग्रॅमच्या थोडं वर होतं. आणि लॅबमधल्या चाचण्यांमध्ये नाजूक जातीचे मासे लिटरला एक-दोन मायक्रोग्रॅमलाच चार दिवसांत अर्धे मरतात! १० मिली म्हणजे झाकणभर. आता एप्रिल-मेमध्ये तळ्यात ४ लाख लिटरच उरलंय असं धरा, तेच झाकण सहा मायक्रोग्रॅमला जातं. परत ते सारखं मिसळतही नाही, ज्या कोपऱ्यात पडलं तिथे कितीतरी पट जास्त असतं, आणि बोटुकली (बोटाएवढी माशाची पिल्लं) नेमकी कडेकडेनेच फिरते. मातीच्या तलावात गाळ आणि कचरा बरंचसं औषध धरून ठेवतो म्हणून तिथे थोडी सूट मिळते, ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद टाकलेल्या तळ्यात चिकटायला गाळ कमी, त्यामुळे औषध पाण्यातच जास्त राहतं.

कुठलं औषध किती वाईट

सगळी औषधं सारखी नाहीत, म्हणून बाजूच्या प्लॉटला काय मारतायत ते नाव विचारून घ्या. कंपनीचं नाव नाही, आतल्या घटकाचं नाव, डब्यावर लिहिलेलंच असतं.

पायरेथ्रॉइड सगळ्यात वाईट, वर सांगितलंच. त्यात एक गंमत आहे जी फार लोकांना माहीत नसते, ही औषधं थंड पाण्यात माशाला जास्त लागतात. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत नाशिककडे द्राक्षाच्या बागांमध्ये कडाक्याची थंडी पडते तेव्हा जास्त जपायचं. ऑर्गॅनोफॉस्फेट म्हणजे क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, क्विनालफॉस ही मंडळी बरोबर उलटी, पाणी तापलं की जास्त लागतात. ती मज्जातंतूंमधलं अ‍ॅसिटाइलकोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम बंद पाडतात, मग स्नायू आखडलेले सुटतच नाहीत. आणि कापसात जी रेडीमिक्स चालतात, प्रोफेनोफॉस ४० टक्के अधिक सायपरमेथ्रीन ४ टक्के, किंवा क्लोरपायरीफॉस ५० अधिक सायपरमेथ्रीन ५, ती तर माशाच्या बाबतीत दुहेरी मार, कारण पायरेथ्रॉइड फोडायला माशाकडे जी थोडीफार एन्झाइमं असतात तीच पहिलं औषध बंद करून टाकतं.

एंडोसल्फान आता बंद आहे, सुप्रीम कोर्टाने मे २०११ मध्ये बंदी घातली, माशांसाठी त्याच्याइतकं भयंकर औषध क्वचितच असेल. कोणाच्या गोठ्याच्या माळ्यावर जुनी बाटली असेलच तर ती नाल्यात ओतून "विल्हेवाट" लावू नका म्हणजे झालं.

फिप्रोनिल, अ‍ॅबामेक्टिन, टॉल्फेनपायरॅड आणि लाल कोळीची फेनाझाक्विन, फेनपायरॉक्सिमेट ही औषधं पण माशांना चांगलीच विषारी, यांना हलक्यात घेऊ नका. इमिडाक्लोप्रिड, अ‍ॅसिटामिप्रिड, क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल ही माशांना लगेच मारत नाहीत, पण इमिडाक्लोप्रिड पाण्यातले किडे आणि कोळंबी मारतं, क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल पाण्यातली डॅफ्निया (मासे खातात तो बारीक पाणजीव) मारतं, म्हणजे मासा जिवंत आणि त्याचं ताट रिकामं. तळ्यात जंबो कोळंबी सोडली असेल तर ही औषधं पण तुमच्यासाठी धोक्याचीच.

आणि "आम्ही ऑर्गॅनिक मारतो" हे ऐकून निर्धास्त होऊ नका. शेवंतीच्या जातीच्या फुलांपासून निघणारं नैसर्गिक पायरेथ्रम माशांना विषच आहे, डेरिसच्या मुळीतलं रोटेनॉन तर मासे मारायलाच वापरतात, निंबोळी तेलसुद्धा जास्त झालं की माशांना त्रास देतं. झाडातून आलं म्हणून माशाला चालतं असं काही नसतं. त्यातल्या त्यात बिनधास्त म्हणाल तर बीटी (किडी मारणारा जिवाणू), बिव्हेरिया (किडींवर वाढणारी बुरशी), कामगंध सापळे, चिकट सापळे.

विष तळ्यात येतं कुठून

लोकांना वाटतं वाऱ्याने तुषार उडून येतात. येतात, पण माझं मत विचाराल तर त्याच्यापेक्षा जास्त मासे मरतात ते पंप भरताना आणि धुताना. पाणी तळ्यात आहे म्हणून माणूस तळ्याच्या बांधावरच औषध कालवतो, तिथेच बाटली विसळतो, तिथेच पंप धुतो, आणि ते धुवण आत उतरतं. औषध कालवायची जागा तळ्यापासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला ठेवा, पाणी पाइपने तिथे न्या. रिकामी बाटली तीन वेळा विसळायची आणि ते पाणी फवारणीच्या टाकीतच टाकायचं, पंप धुतलेलं पाणी त्याच पिकावर मारून टाकायचं.

आता सगळ्यात छुपा प्रकार. ब्लोअरची (हवेच्या झोताने फवारणारं यंत्र) किंवा एचटीपीची (जास्त दाबाचा फवारणी पंप) टाकी भरताना पाइप टाकीत बुडवून ठेवतात, दुसरं टोक तळ्यातल्या मोटरला. लाइट गेली की मोटर थांबते आणि टाकीतलं औषधाचं पाणी सायफनने उलटं तळ्यात जातं, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही कारण लाइट आल्यावर टाकी परत भरते. संध्याकाळी मासे वर यायला लागले की मग सगळे वाऱ्याला शिव्या देतात. उपाय फुकट आहे, पाइपचं टोक टाकीच्या तोंडाच्या वर टांगतं ठेवायचं, पाण्याला कधीही टेकू द्यायचं नाही. ड्रिपमधून व्हेंचुरीने (ड्रिपच्या पाण्यात औषध ओढून घेणारा जोड) आळवणी करत असाल तर तिथे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवाच, तोच प्रकार तिथेही होतो. आणि आधी औषध आणि मग पाणी असं कधी करायचं नाही, आधी अर्धी टाकी पाणी, पाइप बाहेर, मग औषध.

वाऱ्याचं म्हणाल तर सकाळी लवकर, वारा शांत असताना आणि वाऱ्याची दिशा तळ्याकडून प्लॉटकडे असताना फवारायचं. तळ्याला लागून असलेल्या चार-पाच ओळी ब्लोअरने न मारता पाठीवरच्या पंपाने मारायच्या, तळ्याकडे पाठ करून. ड्रोनवाला येणार असेल तर त्याला तळं आधीच दाखवून ठेवा, तो वळण घ्यायला तळ्यावरून जातो आणि नोझल बंद करायचं राहिलं की संपलं. बांधावर नेपियर किंवा वाळ्याची दाट पट्टी असली तर तुषारही अडतात आणि वाहून येणारं पाणीही गाळलं जातं, वर जनावरांना चारा (फवारणीनंतर मात्र लगेच कापून घालू नका).

पावसाचं पाणी तळ्यात घेत असाल तर फवारणीनंतरचा पहिला जोराचा पाऊस आत घ्यायचा नाही, तोंड बंद करून ते पाणी बाहेर काढून द्यायचं. विहिरीतून उपसून तळं भरणाऱ्यांनी पण विहीर कापसाच्या प्लॉटच्या खालच्या अंगाला आहे का ते बघावं. भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावांत भाताच्या बांध्यांचं पाणी उतरतं, तिथे खोडकिडीची आणि तुडतुड्यांची फवारणी झाली की निदान आठवडाभर तरी बांध फोडून पाणी तलावात सोडू नये, याच्यावर गावात बसून शेतकरी आणि मासेमारी सोसायटीच्या ढिवर बांधवांनी एकदा ठरवून घेतलं पाहिजे, कारण नुकसान होतं एकाचं आणि औषध असतं दुसऱ्याचं. भातातलं तणनाशक ब्युटाक्लोर पण माशांना बरंच विषारी आहे हे जाता जाता सांगतो.

आणि शेवटचा रस्ता म्हणजे आपलाच हात. माशांना उवा झाल्या (आर्ग्युलस, त्या चपट्या गोल, अंगाला चिकटतात) की कोणीतरी सांगतं सायपरमेथ्रीन टाक, नुवान टाक. नुवान म्हणजे डायक्लोरव्हॉस, ते २०२० संपतानाच देशात बंद झालंय. सायपरमेथ्रीन-डेल्टामेथ्रीनमध्ये उवा मरतात ती मात्रा आणि मासा मरतो ती मात्रा यात अंतर फार कमी, आणि वर केला तो हिशोब बघा, पाणी किती आहे ते अंदाजाने धरलं तर मासे गेलेच. उवांसाठी आधी तळ्यात बांबू, खडबडीत फळ्या उभ्या सोडा, उवा त्याच्यावर अंडी घालतात, त्या दर आठवड्याला काढून कडक उन्हात वाळवायच्या. औषध टाकायचंच असेल तर मत्स्यविकास अधिकाऱ्याला पाण्याचं माप देऊन विचारा. संगोपन तळ्यातले पाणकिडे काढायला जुना साबण-तेलाचा उपाय आहेच, हेक्टरी ५६ किलो तेल आणि १८ किलो साबण, बीज सोडायच्या आधी, वारा नसताना.

मासे वर आले तर विष की ऑक्सिजन?

इथे बहुतेक लोक गडबडतात म्हणून नीट सांगतो. ऑक्सिजन कमी पडला तर मासे पहाटे वर येतात, तोंड वर करून गिळक्या मारतात, मोठे मासे आधी मरतात, आदल्या दिवशी ढगाळ असतं नाहीतर पाणी गर्द हिरवं झालेलं असतं, आणि ऊन पडलं की वाचलेले मासे परत खाली जातात. विष असेल तर दिवसाच्या कुठल्याही वेळी होतं, भर दुपारी दोन वाजता सुद्धा, आणि बहुधा छोटे आधी जातात. मासा गोल गोल फिरतो, एका कुशीवर पोहतो, अचानक बाणासारखा सुटतो आणि बांधावर आपटतो, अंगावर चिकट बुळबुळीत थर वाढतो, कल्ल्यांची झाकणं उघडी राहतात. ऑर्गॅनोफॉस्फेट असेल तर छातीचे पर पुढच्या बाजूला ताणलेले दिसतात, काही माशांचा कणा वाकतो. सोबत बेडूक, पाणकिडे, झिंगे पण मेलेले असतील तर मग शंका नकोच.

एक सोपी टेस्ट सांगतो. काचेच्या ग्लासात तळ्याचं पाणी घ्या आणि उन्हाकडे धरून बघा. चांगल्या पाण्यात बारीक ठिपके टुणटुण हलताना दिसतात, ते प्राणीप्लवंग, डॅफ्निया-मोइना वगैरे. कीटकनाशक आलं की हे सगळ्यात आधी मरतात, ग्लासात सगळं शांत. मासे ठीक दिसतायत आणि ग्लास शांत आहे तर समजायचं थोडं औषध येऊन गेलंय. मग पुढच्या आठवड्यात पाणी अचानक हिरवं व्हायला लागतं कारण शेवाळ खाणारंच कोणी उरलं नाही, आणि त्या हिरव्या पाण्याने पहाटेचा ऑक्सिजन पडतो. मग लोक म्हणतात मासे ऑक्सिजनने मेले, आणि सुरुवात कुठून झाली ते राहूनच जातं.

विष आलंय असं कळलं की पहिलं काम, येणारी वाट बंद करा. मग खाद्य बंद. ताजं स्वच्छ पाणी आत आणि खालचं बाहेर (बाहेर म्हणजे नाल्यात किंवा दुसऱ्याच्या तळ्यात नाही, पडीक जमिनीत मुरू द्या). एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) असेल तर चालू, नसेल तर मोटरने तेच पाणी उंचावरून फवारा करून परत तळ्यात, कारण कल्ले खराब झालेल्या माशाला ऑक्सिजन जास्तच लागतो. घाबरून लाल औषध म्हणजे पोटॅशियम परमँगनेट ओतू नका, क्लोरपायरीफॉस-मॅलाथिऑनसारख्या औषधांचं त्याने अजून जास्त विषारी रूप तयार होऊ शकतं. चुन्याच्या गोण्या पण एकदम टाकू नका, पीएच उडी मारतो आणि असलेला अमोनिया जास्त विषारी होतो. हातमोजे घालून मेलेले मासे काढा. ते खायचे नाहीत, विकायचे नाहीत, कोंबड्या-डुकरांना घालायचे नाहीत, विहिरीपासून लांब खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचे. जनावरांना त्या पाण्यावर पाजू नका.

नमुने त्याच दिवशी घ्या, दुसऱ्या दिवशी कशाला काही अर्थ राहत नाही. पाणी गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत, तोंडापर्यंत भरून, झाकणाखाली अ‍ॅल्युमिनियम फॉइल, आणि लगेच बर्फात. कोल्ड्रिंकची प्लास्टिक बाटली नको, पायरेथ्रॉइड प्लास्टिकला चिकटतं आणि रिपोर्ट "काही सापडलं नाही" असा येतो. मासे सडलेले नकोत, मरायला टेकलेले घ्या, फॉइलमध्ये गुंडाळून डीप फ्रीझमध्ये, मेंदूतल्या त्या, वर सांगितलेल्या, अ‍ॅसिटाइलकोलिनएस्टरेज एन्झाइमची तपासणी करून ऑर्गॅनोफॉस्फेट होतं का ते सांगता येतं. कल्ले-यकृत सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे असतील तर त्यांचे तुकडे वेगळे, १० टक्के फॉर्मेलिनमध्ये, गोठवायचे नाहीत. तारीख-वेळेसह फोटो, आजूबाजूला कोणी कधी काय फवारलं त्याची नोंद, रिकाम्या डब्यांचे फोटो, हे सगळं ठेवा. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला आणि तलाठ्याला लेखी कळवून पंचनामा मागा, कारखान्याच्या पाण्याचा संशय असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला. नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालयं आहेत, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, तपासणी कुठे होईल ते त्यांना विचारा. नदी-नाल्यात मुद्दाम औषध टाकून मासे धरत असतील तर तो सरळ गुन्हा आहे, १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून.

न मरणाऱ्या माशांचं काय

याच्यावर कोणी बोलत नाही कारण पाण्यावर काही तरंगताना दिसत नाही. थोडं थोडं औषध सारखं येत राहिलं तर मासा मरत नाही पण खातो कमी, वाढत नाही, कल्ल्यांच्या पेशी सुजतात, यकृत-मूत्रपिंड खराब होतं, मादीची अंडी नीट भरत नाहीत, आणि प्रतिकारशक्ती पडल्याने जखमा, बुरशी, उवा सतत मागे लागतात. शेतकरी दर महिन्याला माशांसाठी नवीन औषध आणतो आणि खरं कारण बाजूच्या प्लॉटमध्ये असतं. वाढ खुंटली आणि खाद्य, बियाणं, पाणी सगळं ठीक असेल तर फवारणीची डायरी आणि माशांचं वजन समोरासमोर ठेवून बघा.

पुन्हा बीज कधी सोडायचं, तर तारीख बघून नाही, पाणी बघून. दोन बादल्या घ्या, एकीत तळ्याचं पाणी, दुसरीत खात्रीच्या विहिरीचं किंवा बोअरचं. नळाचं नको, क्लोरीनने निकाल चुकतो. प्रत्येकीत दहा-बारा बोटुकल्या, सावलीत, ४८ तास, खाद्य नाही. मत्स्यालयाचा छोटा एअर पंप दोन्हीत सारखा सोडा. विहिरीच्या बादलीतल्या ठीक आणि तळ्याच्या बादलीतल्या लोळायला लागल्या तर अजून थांबायचं. दोन्हीकडे ठीक असतील तरी लगेच हजारो बीज ओतू नका, तळ्यातच एका कोपऱ्यात हापा (बारीक जाळीचा पिंजरा) बांधून त्यात थोडं बीज चार दिवस ठेवा, कारण बादलीत तळाचा गाळ नसतो. आणि ग्लासात ते हलणारे ठिपके परत दिसेपर्यंत कटला सोडू नका, त्याचं मुख्य खाणंच ते आहे, रोहू-मृगळ एखादवेळी पेंड-भुश्श्यावर निभावून नेतील.